समाधानी असल्यास एक

नगरच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे संगणक, प्रिंटर, पंखा, मशीन, काहीही बिघडलं की फोन मोनिकाकडे येतो. ती तक्रार ऐकते, सॉफ्टवेअरमध्ये नोंदवते आणि ज्याचं काम त्याच्याकडे पाठवते. वडील छावणीत माळी होते. ते गेल्यापासून सावेडीतल्या दोन खोल्या, आई आणि आईची औषधं हे सगळं या कंत्राटी नोकरीवर चालतं. तिला चेहऱ्याने फार कुणी ओळखत नाही. आवाजाने मात्र अख्खा कारखाना ओळखतो.

यंदा त्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. जुन्यातल्या सगळ्या तक्रारी उचलून नव्यात न्यायच्या होत्या. पुण्याहून सॉफ्टवेअरवाल्यांचा निरोप आला की उघड्या तक्रारी नव्या व्हर्जनमध्ये नीट बसत नाहीत, त्या आधी बंद करून घ्या.

"अगं, घर बदलताना आपण खरकटी भांडी नेतो का?" आयटी मॅनेजर सुनील सर म्हणाले. "घासून नेतो. उघड्या तक्रारी शून्य दिसल्या पाहिजेत मला."

"घासायला वेळ कुठाय, सर? नुसती पालथी घालतोय आपण."

सर हसले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, नव्यात लोक मोबाईलवरच तक्रार नोंदवणार. फोनवर बसणाऱ्या तुम्हा तिघींतली एकच राहील. शून्य झालं, की तुझं मी बघतो."

मोनिका उघड्या तक्रारी खाली सरकवत गेली आणि एका नावापाशी थांबली. कानिफनाथ, पार्ट धुण्याच्या मशीनवरचा कंत्राटी कामगार. त्याचा फोन तिला शब्दन् शब्द आठवत होता. "ताई, मशीनच्या दाराला करंट उतरतोय. अर्थिंग गेलंय वाटतं. फळकुटानं दार उघडतोय बघा. मशीन हाय का सासुरवाडी, हात लावला की झटका! लग्न न्हाई अजून, तवर हितंच सराव." ती खळखळून हसली होती, आणि हसता हसता तिने तक्रार नोंदवली होती. मेन्टेनन्सने तीवर शेरा मारला, 'मशीन थांबवता येणार नाही, सवडीने बघू.'

पोळ्याच्या आदल्या दिवशी कानिफनाथ त्याच दाराला चिकटला आणि जागीच गेला. चौकशीत निघालं की हात ओले होते, हातमोजे नव्हते, चूक त्याचीच. तक्रार तशीच उघडी राहिली. बंद करायची तर काय दुरुस्ती केली ते लिहावं लागतं, आणि ते लिहायला कुणी पुढे आलं नाही.

तिने सगळ्या एकदम निवडल्या, कारण टाकलं 'दुरुस्ती पूर्ण', आणि बटण दाबलं. उघड्या तक्रारी शून्य.

एक गोष्ट ती विसरली. तक्रारदारांना जाणारे मेसेज आधी थांबवायला हवे होते. सगळ्या कारखान्यात मोबाईल वाजू लागले. कॅन्टीनमध्ये हशा पिकला. "माझा पंखा दुरुस्त झाला म्हणे! पंखाच भंगारात गेलाय, राव!" सुनील सरही हसले. "जाऊ दे. जुना सर्व्हर उद्या संध्याकाळी बंदच होतोय."

दुसऱ्या दिवशी गेटवरून फोन आला. "मॅडम, एक म्हातारी आलीये मोबाईल घेऊन. कानिफची आई म्हणते."

मोनिका गेटवरच्या केबिनमध्ये गेली. छबूबाई पारनेरच्या पुढच्या एका गावातून एसटीने आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लेकाचा साधा मोबाईल त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"तूच का गं फोनवाली? कानिफ सांगायचा, आमच्या हितली फोनवाली ताई लई हसती."

"बसा ना, मावशी."

"बसाया न्हाई आले. शेजारच्या सुनंनं वाचून दावलं. तक्रार सोडवली म्हनं. कानिफनं कसली तक्रार केल्ती?"

मोनिकाने वर पाहिलं. केबिनच्या काचेपलीकडे सुनील सर उभे होते.

"गाव म्हनतं, छबूचं पोर येंधळं, वल्या हातानं गेलं," म्हातारी बोलत राहिली. "मीबी म्हनले, आसंल. पन तक्रार केल्ती म्हंजी त्याला काय तरी ठावं हुतं ना? मला तेवढंच सांग."

"मेसेज चुकून गेलाय, मावशी. सगळ्यांनाच गेला. मशीनची चूक."

"मशीनची बी चूक असती व्हय?" छबूबाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आमाला वाटलं, मानसाचीच असती." त्यांनी मोबाईल पुढे केला. "खाली ह्ये एक नायतर दोन काय लिवलंय? काय दाबू?"

समाधानी असल्यास एक, नसल्यास दोन.

"काही नका दाबू. आपोआप मिटेल ते."

छबूबाईंनी मोबाईल पुन्हा गुंडाळला, पदर डोक्यावर ओढला आणि त्या स्टँडकडे जाणारी रिक्षा बघू लागल्या.

मोनिका जागेवर आली. पडद्यावर शून्य तसंच होतं. उत्तर आलं नाही तर तक्रारदार समाधानी धरायचा, असा सॉफ्टवेअरचा नियम होता. खिडकीतून धुण्याच्या मशीनची शेड दिसते. मशीनला आता पिवळाधमक रंग दिलाय, वर 'सावधान'ची पाटी लावलीय. कानिफच्या जागी आलेला छगन, दोन लेकरांचा बाप, मशीनशी आला. त्याने कडेला ठेवलेलं लाकडाचं फळकुट उचललं, दारात घातलं आणि दार उघडलं.

मोनिका पाहत राहिली. मग तिने तक्रारीवरचा नंबर लावला.

"हॅलो?" मागे एसटीचा खडखडाट ऐकू येत होता.

"मावशी, फोनवाली बोलतेय. दोन दाबा."

"मला न्हाई यायचं, बाई."

"कंडक्टरला द्या. त्यांना म्हणावं, दोन पाठवा."

"आण गं आजी इकडं," पलीकडे कुणीतरी म्हणालं.

जरा वेळाने शून्याचा एक झाला.

"हे कुठून उगवलं आता?" सुनील सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"तक्रारदाराचं समाधान झालेलं नाही, सर."

त्यांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बंद कर."

"काय दुरुस्ती केली ते लिहावं लागतं."

"लिही काहीतरी!"

"तुम्ही लिहा, सर."

सरांनी कीबोर्ड ओढून घेतला. कारणाच्या रकान्यापाशी त्यांची बोटं जरा अडली. मग त्यांनी लिहिलं, 'तक्रारदार हयात नाही', आणि बटण दाबलं. पुन्हा शून्य. मेसेज अजूनही चालूच होते, तोही गेला.

थोड्याच वेळात टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर नाव उमटलं, कानिफनाथ.

"उचलू नकोस," सुनील सर म्हणाले. "मोनिका, आईचा विचार कर. हे कॉल रेकॉर्ड होतात."

तिने हेडफोन कानाला लावला.

"बाई, आता आलंय, तक्रारदार हयात न्हाई. त्ये तर मला ठावं हाय," छबूबाई म्हणाल्या. "तक्रार काय हुती?"

मोनिका ताठ बसली आणि त्याच्याच शब्दांत सांगू लागली. "ताई, मशीनच्या दाराला करंट उतरतोय. अर्थिंग गेलंय वाटतं. फळकुटानं दार उघडतोय बघा." सासुरवाडीचंही सांगितलं.

एसटीच्या खडखडाटातून म्हातारीचा आवाज आला.

"म्हंजी सांगून ठिवलं हुतं त्यानं."

"सांगितलं होतं, मावशी. मीच लिहून घेतलं."

सुनील सरांनी हात पुढे केला. मोनिकाने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं. हेडफोन काढला नाही. पलीकडे म्हातारी शेजारच्या कुणाला तरी सांगत होती, "माझं पोर येंधळं नव्हतं वो." आणि खिडकीबाहेर छगन हातात फळकुट घेऊन पुन्हा मशीनच्या दाराशी वाकला होता.