करमाफीच्या दुपारी मायनं गायलेलं गाणं

सासूबाईंना मी माय म्हणायची. माय घरात फार बोलत नसे. भात शिजला, लाकडं संपली, पोरगं झोपलं, एवढ्यातच तिचा दिवस निघून जायचा. मी मात्र बल्लारपूरच्या आमच्या वस्तीतल्या बायांच्या गायन मंडळात होते. बुद्ध-भीमगीतांना मागून सूर द्यायचे. माय गाते, हे मला लग्नाला सहा-सात वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं.

रेल्वे फाटकापलीकडे एका लाकूडवाल्या चाचांचं, आधी लाकडाची वखार असलेलं टिनाचं सभागृह होतं. ते तिथं सिनेमे दाखवायचे, पण तिकिटावरचा करमणूक कर भरून हाती काही उरत नाही, म्हणून सदा वैतागलेले असायचे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत कधीतरी त्यांना कळलं की कलाकार समोर बसून गाणार असतील, तर सरकार तो कर माफ करतं. झालं! रविवारची दुपार त्यांनी गाण्याला देऊन टाकली. आधी कव्वाल आले, मग भजनी मंडळं, आणि एक दिवस चाचा आमच्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमच्या मंडळाले स्टेज देतो. मस्त गा. फक्त कॅसेट नाई वाजली पाहिजे. कॅसेट वाजली का माफी गेली."

खरं तर थोडी कॅसेट सगळेच वाजवायचे. पेटी-तबला जुळवेपर्यंत लोक उठून जाऊ नयेत म्हणून. पण आमच्या कार्यक्रमाच्या दिवशी चंद्रपूरहून करमणूक कराचे साहेब तपासणीला आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

सभागृह भरलेलं होतं. पेपर मिलची पाळी सुटून आलेले, खाणीतले, बाजाराला आलेली खेड्यांवरची बायामाणसं. माझा नवराही मिलमधून सरळ तिथंच आला होता. माय माझ्या लेकीला मांडीवर घेऊन स्टेजच्या कडेला बसली होती.

दुसरं गाणं सुरू असतानाच पेटीचा भाता फाटला. फस्सकन हवा गेली आणि सूर बसला. पेटीवाली बाई घाबरली. डिंक, कापड, सुई, शोधाशोध सुरू झाली. लोक चुळबुळ करू लागले. चाचा पडद्यामागून आले, त्यांचा हात सवयीनं टेपकडे गेला आणि दाराजवळचे साहेब दिसताच मागं आला.

"कोणीतरी गा ना बायांनो! पेटीबिगर गा, पण गा!"

पेटीशिवाय आम्हाला सूरच धरता येत नव्हता.

मायनं माझी लेक माझ्याकडे दिली. पदर खोचला आणि स्टेजच्या मधोमध जाऊन उभी राहिली. माईक तिनं पाहिलाच नाही.

"आष्टीच्या घाटावं नाव लागली गं,
पाठीले बांधलं लेकरू..."

मी ऐकतच राहिले. तो आवाज म्हातारा होता, थोडा खरखरीत होता, पण टिनाला जाऊन भिडत होता. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी माय तरुणपणी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, पायी गेली होती, एवढं मला माहीत होतं. ती वाट तिच्या गळ्यात अशी जशीच्या तशी असेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. वैनगंगा ओलांडली, गोंडपिपरी आली. तिथून कोण सोबत निघालं, कुणी भाकरी दिली, कुणाचे पाय फुटले, एकेका गावाचं एकेक कडवं.

"कोठारीच्या बाया आल्या गं..." ती म्हणाली आणि मागच्या रांगेत त्या गावची एक म्हातारी उभी राहिली. मग बामणीचं कडवं आलं. दोन माणसं उठली. आमच्या बल्लारपूरचं नाव आलं तसं अर्धं सभागृह उभं झालं. विसापूर आलं. मायनं चांद्याचं नाव घेतलं तेव्हा बसलेलं कोणी उरलं नव्हतं. साहेबही उभे होते. चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात बांधून उभे राहिले. माझ्या कडेवरची लेकसुद्धा डोळे मोठे करून आजीकडे बघत होती.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला सुचल्याच नाहीत. पेटी शिवून तयार होती, तरी वाजवायला कुणी बसेना.

थोड्या वेळानं चाचांनी हळूच विचारलं, "साहेब, माफीचं?"

"चालू राहील," साहेब म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

घरी आल्यावर नवरा मायजवळ जाऊन बसला. मग त्यानं विचारलं, "माय, हे गाणं कधी रचलं तुनं?"

"रचलं कुठी? तू पाठीवर रडून राह्यला होता. तुले उगी कराले म्हणत गेली."

"मंग मले काऊन नाई सांगितलं कधी?"

"तू झोपला ना मंग," माय म्हणाली आणि चुलीकडे गेली.

रविवारचं ते गाणंबजावणं पुढं काही वर्षं चाललं. घरोघरी टीव्ही आले आणि चाचांनी सभागृहात परत लाकडं भरली. पण तोवर लोक आमच्या अंगणात येऊ लागले होते. "माय, आमचं गाव राह्यलं गाण्यात." माय त्यांना बसवायची, पाणी द्यायची आणि विचारायची, "तुमच्या गावचं कोण होतं? कोणत्या वाटेनं आलं? पायात काय होतं?" सांगणारा सांगत जायचा, ती डोळे मिटून ऐकायची. लिहिता तिला येत नव्हतं. पुढच्या वेळी ते गाव गाण्यात आपल्या जागी आलेलं असायचं, आणि आम्ही मागच्या बाया, आता पेटीशिवायही, तिच्या सुरात सूर लावायचो.