व्यंकूचे पाय

ऐन दुकान उघडायच्या वेळी सय्यद माझ्या दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. बंगळूरच्या शिवाजीनगरातलं त्याचं सायकलींचं दुकान ईद सोडली तर कधी बंद नसायचं. त्याने सायकल भिंतीला टेकवलीसुद्धा नाही. हातात धरूनच म्हणाला, "चल गोविंद. व्यंकू गया अपना." मी शर्ट चढवला, चपला घालायचं विसरलो, आणि आम्ही दोघं मल्लेश्वरमला त्याच्या घरापर्यंत सायकली हातात धरून चालत गेलो. दोन्ही सायकली धडधाकट होत्या, पण चढून बसावं असं दोघांनाही वाटलं नाही... या गोष्टीला आता दीडेक महिना झाला.

व्यंकटराव, म्हणजे आमचा व्यंकू, याला वाचकांपैकी कुणी ओळखण्याचं कारण नाही. कित्येक पिढ्या बंगळूरात राहिलेल्या मराठी घरातला तो. घरी मराठी बोलायचा, रागावला की कानडीत शिरायचा. मी बेळगावकडून नोकरीसाठी आलेला. माझं मराठी त्याला पुस्तकी वाटायचं आणि त्याचं ऐकून मला हसू यायचं. कचेरीत आमची टेबलं शेजारीशेजारी होती, पण मैत्री खरी जमली ती फिक्स व्हीलमुळे. साध्या सायकलीवर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, उतारावर माणूस आरामात बसून जातो. फिक्स व्हीलला ती चैन नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय. शर्यतवाल्यांची ही चीज सय्यदने हौसेने आमच्या सायकलींना बसवली आणि आम्ही तिघं दर रविवारी सकाळी के. आर. पुरमच्या रस्त्याला लागलो. सुरुवातीला तिघांचेही गुडघे असे सोलवटले होते की कचेरीत साहेबांनी मारामारी केलीत का म्हणून विचारलं.

त्यात व्यंकूने कॅमेरा आणला. कॅन्टोन्मेंटातलं कुणी कुटुंब घर मोडून विलायतेला निघालं होतं, त्यांच्याकडून त्याने चावीचा छोटा सिनेकॅमेरा आणि भिंतीवर चित्र पाडायचा प्रोजेक्टर उचलला. चावी पिळली की कॅमेरा जेमतेम अर्धा मिनिट चालायचा, मग पुन्हा पिळा. व्यंकू सय्यदच्या कॅरियरवर उलटा बसायचा, तोंड माझ्याकडे, आणि ओरडायचा, "गोविंदा, कॅमेऱ्यात बघू नकोस रे, रस्त्यात बघ! स्वल्प हसतोस काय, लग्नाला आलायस?" रीळ धुवायला मुंबईला जायचं, परत यायला आठवडेच्या आठवडे लागायचे. आलं की त्याच्या घरी खिडक्यांना चादरी लावून आम्ही स्वतःला बघत बसायचो. माझं पोट एवढं सुटलंय हे मला त्या भिंतीनेच सांगितलं.

पण कॅरियरवर बसून त्याचं समाधान होईना. त्याला स्वतः सायकल चालवत चित्रं घ्यायची होती. एका हाताने हँडल, दुसऱ्याने कॅमेरा, डोळा त्या बारक्या काचेला. आणि इथेच तो फसायचा. काचेतून बघायला लागला की आपण रस्त्याकडेला उभे राहून बघतोय असंच त्याला वाटायचं, आणि पाय थांबायचे. फिक्स व्हीलवर पाय थांबवणाऱ्याला सायकल उडवून देते. हनुवटीवर त्याला टाके पडले ते असे. तरी पुन्हा तेच. डोळा काचेत गेला की पाय गेलेच. "मी बघायला लागलो की मी तिथं नसतोच रे," असं तो एकदा रक्त पुसत म्हणाला होता. तेव्हा आम्ही हसलो. आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

शेवटी त्याने जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅमेरा सायकलीच्या दांडीला बांधला, चावी पूर्ण पिळली, बटण अडकवून ठेवलं आणि आमच्या मागे सुटला. आता न बघता आम्हा दोघांचं चित्र मिळणार होतं. पण हादऱ्यांनी पट्टी सरकली आणि कॅमेऱ्याने मान खाली घातली. मुंबईहून रीळ आलं तेव्हा त्या तुकड्यात ना मी, ना सय्यद, ना रस्ता. होते फक्त व्यंकूचे पाय. आम्ही पोट धरून हसलो आणि तो संतापून कानडीत काहीबाही बोलत राहिला. तुकडा कापून त्याने वाया गेलेली फिल्म ठेवायच्या बिस्किटांच्या डब्यात टाकला. त्या डब्यातून तो रिळं जोडायला तुकडे काढायचा, कापायचा, फेकायचा.

शेवटची भेट इस्पितळातली. कावीळ हाताबाहेर गेली होती, डोळे पिवळेधमक, बोलणं जवळजवळ नाहीच. त्याची बायको, सरोजाअक्का, उशाशी बसली होती. मी पायथ्याशी उभा होतो आणि चादरीखाली त्याचे पाय हलत होते. एक वर, एक खाली, संथपणे. सरोजाअक्काने माझी नजर पाहिली. "झोपेत नेहमीच हलतात यांचे," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा भ्याले होते मी. हे म्हणाले, भिऊ नको, के. आर. पुरमला जाऊन येतो." ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही.

तेराव्यानंतर तिने मला बोलावलं. भिंतीवर लग्नातला फोटो होता, त्यात व्यंकू पगडीखाली खुंटासारखा ताठ. "गोविंदण्णा, हा कोण आहे ते मला ठावं नाही. माझे ते हे नव्हेत," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळ्यांचे सिनेमे काढले. मला त्यांना हलताना बघायचंय. एकदा."

मी आणि सय्यदने कपाट रिकामं केलं. रविवारची दुपार, खिडक्यांना त्याच चादरी. रिळामागून रीळ लावलं. मी होतो, सय्यद होता, बैलगाड्या होत्या, सरोजाअक्का स्वतः अंगणात तोंडावर पदर ओढताना होती. व्यंकू कुठेच नव्हता. जो सगळीकडे होता, तोच नव्हता... शेवटचं रीळ संपलं, तरी ती पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली, आणि ते मला बघवेना.

तेव्हा मला डबा आठवला. खरं सांगतो, काढावा की नाही असं झालं. चेहरा मागणाऱ्या बाईला पाय काय दाखवायचे? आणि तो तुकडा त्याने कधीच कापून टाकला असला तर? सय्यदच उठला आणि माळ्यावरून डबा खाली घेतला. गुंता सोडवत, एकेक तुकडा खिडकीशी उजेडात धरून बघत आम्ही बसलो. बहुतेक सगळे नुसते काळे किंवा कोरे होते. तो तुकडा अगदी तळाशी निघाला, अखंड.

प्रोजेक्टर टरटरला. आधी धूसर, मग कॅनव्हासचा बूट, मोज्यात खोचलेली विजार, सुटलेली नाडी. पाय फिरायला लागले. एक वर, एक खाली. सरोजाअक्का उठली. तिने भिंतीपाशी जाऊन त्या पायांवर तळवा ठेवला. पाय तिच्या हाताच्या पाठीवरून फिरत राहिले. "हेच," ती म्हणाली. "हेच हो ते." सय्यद तोंड फिरवून प्रोजेक्टरकडे बघत बसला होता.

भिंत पांढरी झाली. तिचा हात तिथेच होता.

"हे थांबतात कुठं?" तिने विचारलं.

"थांबलेले नाहीत, अक्का. त्याआधी कॅमेऱ्याची चावी संपली."

"अजून हलतात," ती सावकाश म्हणाली. "दुपारी स्वल्प आडवी झाले की पायथ्याशी. मला वाटलं, मला वेड लागलं."

मी तिला सांगितलं, फिल्म जुनी आहे, दरवेळी घासली जाते, एखादे दिवशी तुटेल. तिने ते नीट ऐकून घेतलं.

"सरी, बरं," ती म्हणाली. "परत लावा."