नेट बंद असताना झालेला कॉल

इथले अनुभव मी वाचते, पण प्रत्येक वेळी मनात कारण शोधत... नजर लागणं, अंगात येणं, कशावरच माझा विश्वास नाही. म्हणून आज स्वतः लिहायला बसले तर स्वतःचाच राग येतोय.

मी अमरावतीला साईनगरात राहते. एका विमा कंपनीचं काम घरूनच करते. गेल्या उन्हाळ्यापासून आमचं नेट रोज दुपारी चारच्या सुमारास जायचं. कधी वीस मिनिटं, कधी अर्धा तास. राऊटर बदलला, ॲडॉप्टर बदलला, खांबापासून नवी वायर ओढली. तक्रार केली की संध्याकाळी मेसेज यायचा – आपली समस्या सोडवण्यात आली आहे. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच! शेवटी साहेब म्हणाले, असंच चाललं तर पुण्याला येऊन बसावं लागेल.

मग एका मंगळवारी मी लाईनमन वानखडेभाऊंना मुद्दाम चारलाच बोलावलं. चार वाजून पाच मिनिटांनी राऊटरचा लाल दिवा लागला. भाऊ स्टुलावर चढले, खिडकीजवळची वायर काढून मशीन लावलं.

"ताई, इथवर सिग्नल बरोबर येऊन राह्यला. मंग राऊटर काहून घेत नाई, तेच समजून नाई राह्यलं."

मी मोबाईलवरून कस्टमर केअर लावलं. चाळीस मिनिटं! तीनदा राऊटर बंद-चालू करायला लावलं. शेवटी मी त्या मुलीवर ओरडले, आणि त्याचंही वाईट वाटलं.

पाचला अकोल्याहून फोन आला. आई तिथं एकटी राहते, व्हिडिओ कॉलसाठी आम्ही तिला टॅब घेऊन दिलाय. तिच्या शेजारच्या मंगलाताई बोलत होत्या. "आईच्या छातीतलं दुखणं थांबलं, दवाखान्यात आणलं. आता बरं हाय. तू ये, पण घाबरू नको."

मी आणि नवरा गाडी काढून निघालो. पोचलो तेव्हा आई उठून बसली होती.

"तू होती म्हणून वाचली वं मी," ती म्हणाली.

"मी कुठं होते?"

"टॅबवर. तूच त म्हणली, आई, उठू नको, मंगलाले आवाज दे, मागचं दार उघडंच हाय."

मला वाटलं, औषधाची गुंगी असेल. पण मंगलाताई म्हणाल्या, "मी आली तवा तू टॅबवर बोलूनच राह्यली होती. जिभेखालची गोळी कुठं हाय ते तूच सांगतलं मले."

मी आईला विचारलं, माझ्या अंगात काय होतं?

"हिरवा कुडता. अन् मांगं एक माणूस स्टुलावर चढेल होता. कोन होता वं तो?"

हिरवा कुडता मी निघताना बदलला होता. वानखडेभाऊ आल्याचं मी अकोल्यात कुणालाच सांगितलं नव्हतं.

आईच्या घरी जाऊन टॅब पाहिला. चार वाजून आठ मिनिटं, माझ्या नावाचा व्हिडिओ कॉल, एकतीस मिनिटांचा. माझ्या लॅपटॉपवर त्याची नोंद नाही. मोबाईलवर त्या वेळी फक्त कस्टमर केअर.

नवरा म्हणतो, मोबाईलच्या नेटवरून आपोआप लागला असेल. लागला असेल, पण बोललं कोण? मी तर त्या मुलीशी भांडत होते. वानखडेभाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, तुमी आईशी नाई बोलल्या. मी तिथंच होतो." आणि नेटच्या कंपनीकडे त्या अर्ध्या तासाची माहिती मागितली, तर उत्तर आलं – आपली समस्या सोडवण्यात आली आहे. डोकं फोडून घ्यावंसं वाटलं.

आता आई बरी आहे. नेट अजून जातं, पण वेळ ठरलेली नाही.

एक गोष्ट मात्र मी घरात कुणालाच सांगितलेली नाही, इथं सांगते. ती गोळी आई कुठं ठेवते, हे मला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी तिला अशी गोळी दिली आहे, हेसुद्धा मला त्या दिवशी दवाखान्यात कळलं. कारण शोधायची माझी सवय आहे... इथं ते सापडत नाही.