अकरा ते एक राजेशम कुठे असतात: सोलापूरचे चार दिवस

सोलापूरला निघाले ती फिरायला म्हणून नव्हे. मला एका माणसाची तपासणी करायची होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी फार भली वाटायला नको.

आमची कंपनी टॉवेल, चादरी विणणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती थेट मागावर पाठवायची, असं काम. आम्ही अकरा जण चार देशांत विखुरलेले. मी पुण्यात, एलिफ तुर्कस्तानातल्या देनिझली गावात, काही जण पोर्तुगालमध्ये, एक जण व्हिएतनाममध्ये. ऑफिस पुण्यात आहे, पण यायची सक्ती नाही. राजेशम सोलापुरात घरून काम करतात. वय चोपन्न. नक्षी गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तपासायची, ही त्यांची जबाबदारी.

आमच्याकडे संचालकांपासून सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं 'राजेशम' म्हणायला माझी जीभ रेटेना. एकदा सगळ्यांसमोर 'काका' म्हणाले. दुसऱ्या दिवशी एलिफने मला वेगळा निरोप पाठवून अगदी अदबीने विचारलं, त्या गृहस्थांचं याला काही म्हणणं नाही ना? त्यांच्याकडे लहान मुलं शीला 'काका' म्हणतात. तेव्हापासून मीटिंगमध्ये राजेशम आणि आम्ही दोघंच असलो की काका, अशी वाटणी झाली.

अडचण निराळीच होती. रोज सकाळी अकरा ते एक काका गायब असायचे. निरोप जायचा, उत्तर नाही. एलिफचा दिवस आपल्या साडेअकराला सुरू होतो, आणि नेमकी तेव्हाच तिला त्यांची गरज. तिने दोनदा माझ्याकडे कुरकुर केली. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "जरा काम असतंय मॅडम. रात्री भरून काढतो की." भरून काढायचेही, यात शंका नाही. पण मध्ये नवीन नियम आला, की घरून काम करणाऱ्यांनी साडेअकरा ते साडेचार हाकेच्या अंतरावर असलंच पाहिजे, नाहीतर ऑफिसात येऊन बसायचं. टीमची प्रमुख म्हणून प्रत्येकाबद्दल मला फॉर्म भरायचा होता. काकांच्या फॉर्मवर मी लिहिलं, 'वेळेवर उपलब्ध नसतात, पुण्याला बोलवावे.' लिहिलं आणि पाठवून दिलं. निर्णय महिनाअखेरीस होणार होता.

त्याच आठवड्यात काकांनी एका चादरीच्या नक्षीत अशी चूक पकडली, जी आमच्या सॉफ्टवेअरलाही दिसली नव्हती आणि मलाही. कशी पकडली, ते त्यांनी सांगितलं नाही. मला झोप लागेना. जुळे सोलापुरातली माझी मावसबहीण वैशाली वर्षभर बोलावत होती. काम कुठूनही करता येतं, मग तिथूनच करू, असं म्हणून मी काकांना कळवलं, "येतेय." ते म्हणाले, "या की."

गुरुवार

पुण्याहून सहाला निघालात तर हडपसरची गर्दी चुकते. मी साडेसहाला निघाले आणि चुकली नाही. पुढे मात्र रस्ता सरळसोट. अडीचशे किलोमीटर, चार टोलनाके, फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. चौफुल्याला मिसळ खाल्ली. भिगवणला उजनीच्या पाण्याकडे गाडी वळवली. थंडीचे दिवस असल्याने लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसत होती. नावाडी बोलावत होते, पण माझा साडेनऊचा कॉल होता. तो एका हॉटेलच्या अंगणात बसून केला. मासे इतक्या सकाळी मिळत नाहीत, जेवायलाच थांबायचं असेल तर दुपारी पोहोचा. इंदापूरपर्यंत नेटवर्क चांगलं मिळतं.

दीडच्या सुमाराला वैशालीकडे पोहोचले. तिचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गच्चीत वाळत घातलेल्या मिरच्या, ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. वैशालीचं म्हणणं, कडक भाकरी दूध-आमटीत चुरायची असते, पुण्याची माणसं ती पापडासारखी कुडूमकुडूम खातात. मी तशीच खाल्ली. संध्याकाळपर्यंत तिच्या जेवणाच्या टेबलावर काम केलं.

शुक्रवार

काकांनी साडेदहाला बोलावलं होतं. ते राहतात पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. तिकडे गाडी नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत. जुळे सोलापुरातून रिक्षाने दीडशे रुपये घेतले. कन्ना चौकात काका मला न्यायला उभे होते. स्क्रीनवर खांद्यापर्यंत दिसणारा माणूस मला उंच वाटला होता. प्रत्यक्षात ते माझ्याएवढेच. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, खिशात छोटी कात्री.

घर दोन खोल्यांचं. खिडकीशी टेबल, त्यावर कंपनीचा लॅपटॉप. त्यांच्या पत्नी अनसूयाकाकू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. बोटं इतकी झपाट्याने चालत होती की माझ्याशी बोलताना त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. नवरा-बायको आपसात तेलुगू बोलत होते, माझ्याशी मराठी. चहा झाला. काकूंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं तेव्हा वाटून गेलं.

अकराला काकांनी लॅपटॉप बंद करून पिशवीत टाकला. "चला. रोज कुटं जातो ते दाखवतो," म्हणाले.

दोन गल्ल्या ओलांडल्यावर आवाज सुरू झाला. आधी तो पायांना कळला, मग कानांना. पत्र्याच्या कारखान्यात आठ यंत्रमाग धडाडत होते. हवेत कापसाची पिंज तरंगत होती, वरच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ती बर्फासारखी दिसत होती. एका मागाशी सलीमभाई उभे होते. कारखाना त्यांचा. काकांनी त्यांना दखनी उर्दूत काहीतरी सांगितलं, सलीमभाईंनी मला हात जोडले आणि काकांनी दिलेला पेनड्राइव्ह मागाच्या डोक्यावरच्या डब्यात खोचला.

माग सुरू झाला. आडवा धागा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आणि पांढऱ्या टॉवेलच्या काठावर एक आकार वर यायला लागला. ओळीमागून ओळ. मी पुढे वाकले. डाळिंब होतं ते. एलिफने गेल्या मंगळवारी देनिझलीत बसून काढलेलं डाळिंब. मी ते स्क्रीनवर शंभर वेळा पाहिलं होतं, मोठं करून, लहान करून. पण ते असं जगात येताना मी कधी पाहिलं नव्हतं. सात वर्षं मी या धंद्यात आहे आणि चालू मागाजवळ कधी उभी राहिले नव्हते.

काका डोळे मिटून उभे होते. एक हात मागाच्या चौकटीवर. मध्येच त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "आवाज बदलला. आता तुटणार."

मला काहीएक बदललेलं ऐकू आलं नाही. आठ मागांच्या त्या कल्लोळात एका मागाचा सूर बदलला, हे कुणाला कळणं शक्य आहे, यावर माझा विश्वासच बसेना. मी मनात मोजायला लागले. सहा म्हणेपर्यंत डाळिंबाच्या मुकुटापाशी दोन उभे धागे तुटले आणि माग थांबला.

काकांनी वाकून धागे जोडले. गाठ कधी बसली ते मला दिसलंही नाही. मग बाहेर येऊन त्यांनी समजावलं. मुकुटाच्या ओळीत खूप धागे एकदम उचलले जातात, कडेच्या धाग्यांवर ताण येतो. "स्क्रीनवर धागा तुटत न्हाय मॅडम. हितंच तुटतोय." रोज हे दोन तास सलीमभाई त्यांच्यासाठी एक माग मोकळा ठेवतात. काका तिथे नक्षीचा तेवढाच कोपरा विणून बघतात आणि बघून झालं की कापून टाकतात. कात्री त्यासाठी. कंपनीला कधी सांगितलं नाही, कारण कंपनीची नक्षी अशी बाहेर नेणं नियमात बसतं की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. बसत नाही, हे मला माहीत होतं. मी घड्याळ पाहिलं.

सव्वाबारा वाजले होते. म्हणजे तिकडे पावणेदहा. मी एलिफला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी आत जाऊन तो मागासमोर धरला. सलीमभाईंनी पुन्हा माग चालू केला. पडद्यावर एलिफचा चेहरा आधी हसरा होता, मग ती खुर्ची पुढे ओढून बसली. डाळिंब वर आलं, मुकुट सुरू झाला, काकांनी एक बोट उभं केलं, आणि धागे तुटले.

एलिफ पडद्याशी वाकली. मग म्हणाली, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. तिने तिकडे चार ओळी बदलल्या, फाइल पाठवली, काकांनी ती पेनड्राइव्हवर घेतली. तिसऱ्यांदा माग सुरू झाला तेव्हा बाजूच्या मागावरचे दोघे कामगारही येऊन उभे राहिले होते. मुकुट आला. ओळ, ओळ, ओळ. काकांनी बोट उचललं नाही. डाळिंब पूर्ण झालं आणि माग पुढे चालतच राहिला.

सलीमभाईंनी तेवढा तुकडा कापून फोनसमोर धरला. एलिफ रडत होती की हसत होती, त्या लहान पडद्यावर मला नीट कळलं नाही. ती म्हणाली, तीन वर्षं मी या माणसाला रोज सकाळी शोधत होते, आणि हा माझंच काम करत होता. मी ते काकांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि ताण थोडा अजून कमी करता येईल का, ते तिला विचारायला सांगितलं.

जेवायला घरी गेलो. भात, डाळ आणि चारू, म्हणजे चिंचेचं पातळ, झणझणीत सार. काका सांगत होते, वीस-बावीस वर्षं त्यांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने नक्षी काढली. कारखाना बंद पडल्यावर मुलीच्या कॉम्प्युटरवर शिकले. हे सगळं ते असं सांगत होते, जणू कुणाही माणसाला जमेल. फॉर्मचं सांगायचं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भात वाढून घेतला.

शनिवार, रविवार

शनिवारी सकाळी वैशालीबरोबर सिद्धेश्वर तलाव. सातच्या आत जा. पाण्याच्या मधोमध मंदिर आणि पलीकडे किल्ल्याची तटबंदी कोवळ्या उन्हात तांबूस होते, तेवढी पंधरा मिनिटं कुणी बोलू नये अशी असतात. मग शेंगा चटणीची खरेदी. चादर घ्यायची असेल तर काकांनी सांगितलेली एक गोष्ट सांगते: उलटी बाजू बघा. विणकराने आळस केला असेल तर तो मागेच दिसतो. मी दुकानात आठ चादरी उलट्या केल्या, दुकानदार वैतागला, पण नववी अशी मिळाली की दोन्ही अंगांनी पाहत राहावं.

रविवारी दुपारी परत निघाले. भिगवणला या वेळी मासे मिळाले, चिलापी फ्राय खाल्ला. पुण्यात शिरताना अंधार पडला होता.

घरी आल्यावर त्याच रात्री संचालकांना लिहिलं. फॉर्म मागे घेतला, पाहिलेलं सगळं लिहिलं, नक्षी बाहेर जाते हेही लपवलं नाही. तीन दिवस उत्तर नाही. ते दिवस मला फार जड गेले, कारण माझ्या प्रामाणिकपणाने त्यांची नोकरी जायची, अशीही शक्यता होती. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सलीमभाईंनी गुप्ततेच्या कागदावर सही करायची, मागाचं भाडं कंपनी देईल, आणि अकरा ते एक ही वेळ राजेशम यांच्या कामाचीच धरली जाईल. सलीमभाईंनी सही उर्दूत केली. ती चालते का, यावर पोर्तुगालहून दोन ईमेल आल्या. चालते.

आता रोज त्या वेळेत टीममधलं कुणी ना कुणी काकांना व्हिडिओ लावून माग बघत बसतं. व्हिएतनामची लिन तर आपला जेवणाचा डबाच तेव्हा उघडते. मी अजूनही कान देऊन ऐकते. आवाज कधी बदलतो, ते मला अद्याप कळलेलं नाही.

ते उत्तर आलं त्या दिवशी मी काकांना फोन केला आणि सांगून टाकलं. तुमच्याविरुद्ध मीच लिहिलं होतं, तुम्हाला पुण्याला बोलवा म्हणून. सोलापुरात सांगायला धीर झाला नाही.

ते म्हणाले, "म्हाईत होतं मॅडम. तुमी येताय म्हणल्यावर अनसूया म्हणली, या तपासायला येतायत."

मग मला कारखान्यात कशाला नेलंत, मी विचारलं. काहीही सांगून टाळता आलं असतं.

"तपासायलाच आला होता की," काका म्हणाले. "मंग नीट दाखवायला नको?"