पिवळं दूध

ठमाबाईला कशाचीच किळस येत नाही, असं डोंबिवलीच्या त्या छोट्या मॅटर्निटी होममध्ये सगळे म्हणत. कल्याणच्या खाडीकाठी कोळ्याच्या घरात वाढलेली बाई. लहानपणी मासळीची आतडी उपसून हात कोपरापर्यंत माखलेले, आणि आता वीस वर्षं आयाचं काम. रक्ताच्या चादरी, ओकाऱ्या, वारेची बादली. नव्या पोरी नाकाला पदर लावत, ठमाबाई पानाला चुना लावावा तितक्या निवांतपणे सगळं आवरून टाकी.

किळस यायची ती एकाच गोष्टीची. बाळंतिणीच्या पहिल्या दुधाची. पिवळं, घट्ट, बोटाला चिकटणारं. तिची सासू सांगे, ते नऊ महिने अंगात साचलेलं नासकं, पोराच्या पोटात जाता कामा नये. मग ठमाबाई प्रत्येक बाळंतिणीपाशी वाटी घेऊन बसे, ते पिळून काढी, तोंड फिरवून मोरीत ओती आणि तीन दिवस बाळाला मधाचं बोट चाटवी. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस मात्र ती मिटक्या मारत खाई. त्यात काही विसंगत आहे, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई या प्रकाराला कधी हरकत घेत नसत. चौथ्या दिवशी बाळंतीण रडू लागे, दूधच येत नाही म्हणून. मग पावडरीचा डबा लिहून दिला जाई.

सत्त्याण्णवच्या थंडीत ठमाबाईची धाकटी लेक, शकू, तिथेच बाळंत झाली. मुलगी झाली. शकूचं हे दुसरं मूल. पहिला मुलगा दीड महिन्याचा असताना जुलाबांनी गेला होता. त्यामुळे ही पोरगी तगते का, एवढाच प्रश्न घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत होता, आणि कोणी तो ओठांवर आणत नव्हतं. पहाटे ठमाबाईने नेहमीसारखं तिचंही दूध काढून ओतलं आणि लादी पुसायला गेली.

ती पुसत होती त्या तपासणीच्या खोलीत दुधाच्या पावडरीच्या कंपनीचा माणूस आला होता. टाय लावलेला, हातात नवा चकचकीत डबा.

"मॅडम, ह्यात न्युक्लिओटाइड्स आहेत," तो सांगत होता. "एका पेशीच्या दोन होतात तेव्हा आतला सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागतो. त्या मजकुराची ही अक्षरं. शरीर ती बनवतंच, पण बाळाच्या आतड्याचं अस्तर, जंतूंशी लढणाऱ्या पेशी भराभर वाढतात, तेव्हा दुधातून मिळालेली कामाला येतात. आईच्या दुधात मुळातच असतात, आम्ही ती डब्यात घातली."

ठमाबाईचा हात थांबला. "साहेब, आईच्या कुठल्या दुधात?"

तो हसला. "सगळ्याच, मावशी. पहिलं पिवळं असतं ना, चीक, त्यातसुद्धा. त्यात तर रोगाशी लढणारं आणखी बरंच असतं. पण ते फुकट मिळतं, त्याच्या जाहिरातीचं कॅलेंडर कोण छापणार?"

ठमाबाईने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं नव्हतं.

"बाई, तुमाला ठाव होता?"

"ठमाबाई, ही तुमच्या लोकांची रीत. त्यात मी कशाला पडू?" त्या डबा उलटा करून तारीख बघत म्हणाल्या. "खिडकीखाली राहिलंय बघा पुसायचं."

मेलेल्या माशाच्या पोटात हात घालतानाही ठमाबाईला असली किळस कधी आली नव्हती. बाईंच्या धुतलेल्या नखांची, त्या माणसाच्या हसण्याची, डब्यावरच्या गुबगुबीत बाळाची शिसारी आली. सर्वांत जास्त स्वतःच्या हातांची. वीस वर्षं. किती बाया, किती मोऱ्या. फडकं बादलीत टाकून ती वरच्या खोलीकडे निघाली.

शकूच्या खाटेवर तिची सासू जनाबाई बसली होती. मांडीवर वाटी, एक हात शकूच्या छातीवर.

"व्हीनबाई, वाटी ठेवा."

"का गो? पिवलाच हाय अजून. नासका."

"नासका नाय. पोरीला पाजायचा."

जनाबाईने तिला खालून वर न्याहाळलं. "याड लागला का तुला? मागल्या टायमाला तूच काढलास. माझ्यासमोर."

"काढला. आन् पोर गेला."

शकू भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिची पाठ ताठ झाली.

"म्हंजे तुझ्यामुलं गेला?" जनाबाई हळू आवाजात म्हणाली.

"मना ठाव नाय," ठमाबाई म्हणाली. "कुनाला ठाव असनार? पन ह्या टायमाला मी ओतनार नाय. कुनाला ओतू देनार नाय."

"हिला काय झाला, तर आमच्या दारात पाय ठेवू नको."

"नाय ठेवनार."

जनाबाई वाटी खाटेवर आपटून बाहेर गेली. ठमाबाईने बाळ उचललं. शकू अजून भिंतीकडेच बघत होती.

"आये, नक्की ना?"

"नक्की काय गो असतंय," ठमाबाई म्हणाली. "इकडं वल."

शकू वळली. बाळाचं तोंड दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा लागलं. ओठाच्या कडेला पिवळा थेंब जमला, आणि ठमाबाईच्या घशाशी तीच जुनी किळस आली, तेवढीच ताजी. कळलं म्हणून ती गेली नव्हती. तिने मान फिरवली नाही. थेंब अंगठ्याने टिपून बाळाच्या ओठात सारला आणि कान देऊन बसली.

एक घोट गेला. बऱ्याच वेळाने दुसरा.