पिंपातलं कोमट पाणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. चाळीतल्या बायका असल्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी आपली भाजी निवडायचे. पण माझ्याच घरात जे झालं ते कुणाजवळ बोलवत नाही... म्हणून लिहितेय.

२००६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. भाईंदर पूर्वेला गोडदेवमध्ये आमची खोली – मी आणि सासूबाई. धाकटे दीर जवळच खारी गावात राहायचे. माझे मिस्टर विदर्भात एका वीज केंद्रावर ठेकेदाराकडे कामाला. तिथे मशीन थंड करून आलेलं गरम पाणी मोठ्या तलावात सोडतात. तो तलाव मातीच्या धरणाने अडवलेला, आणि धरणाची डागडुजी हे यांचं काम. फोनवर मला चिडवायचे, “मी इथं थंडीतही कोमट पाण्यात डुंबतो. तू बस पिंपातल्या बर्फाने कुडकुडत!”

त्या पावसात धरणाची कड खचली. वाळूच्या गोणी टाकताना हे मातीसकट तलावात गेले. पाणबुडे उतरले, गळ टाकले... काहीच हाती लागलं नाही.

त्यानंतर एका सकाळी मोरीतल्या पिंपात तांब्या बुडवला, तर पाणी कोमट! मोरीत ऊन येत नाही. मला वाटलं, भास. पण शेजारची भाभी बादलीभर पाणी मागायला आली आणि म्हणाली, “क्या बात है, गीझर लगाया? हमको बताया भी नहीं!” नळाचं नवं पाणी भरलं तरी थोड्या वेळाने तेही तसंच. सासूबाईंनी हात बुडवला तो काढेचनात. म्हणाल्या, “माणसाच्या अंगासारखं लागतंय गो.”

मी कुंकू लावणं सोडलं नाही.

पितृपक्ष आला तसे भावोजी म्हणाले, “वहिनी, मयत मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात आपल्यात. नाहीतर दादा तिथंच अडकून राहील.”

“पाणी अजून कोमट आहे, भावोजी.”

“पाण्याचं काय घेऊन बसलात!”

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी रात्रभर विचार केला. खरंच अडकले असतील तर सुटू देत, असं वाटलं. मी हो म्हटलं.

पुरुष मंडळी पुतळा घेऊन स्मशानात गेली. अग्नी दिल्याचा भावोजींचा फोन आला. आता आम्हा दोघींना आंघोळ करायची होती. मी पिंपात तांब्या बुडवला...

पाणी थंडगार.

सासूबाई मोरीच्या दारातच खाली बसल्या. “आपण काय केलं गो?”

पाणी का तापलं, का निवलं, मला आजवर कळलेलं नाही. यांचं काही सापडलं नाही. त्या दिवसापर्यंत हे कुठेतरी जिवंत होते का, एवढंच मला कुणीतरी सांगावं. पिंप तेच आहे. रोज उठल्यावर आधी त्यात हात घालून बघते.

पाणी थंड असतं.