गुलाबी रंगातलं घर

नकाशा कार्यालयात त्याला सगळे काटकोन म्हणायचे. गडी ना कधी वाकला, ना कधी हसला. पण एकोणीस वर्षांत त्याची एक रेघ चुकली असेल तर शपथ!

त्या वर्षी त्याच्या टेबलावर स्वतःच्याच शहराचा नकाशा आला. मधोमध रेल्वेचं जंक्शन, सभोवती शेतं, ओढे, टेकड्यांच्या तपकिरी रेषा. नियम असा, की शेतातलं एकटं घर काळ्या ठिपक्यानं दाखवायचं. शहरातली दाट वस्ती मात्र सरसकट गुलाबी रंगवायची. त्यात स्टेशन, दवाखाना दिसणार, बाकी घरं गडप.

मोजणीवाल्यांच्या कच्च्या कागदावर, ओढ्याच्या वळणावर दादाचं घर होतं. थोरल्या भावाचं. काटकोनानं पेन खाली ठेवलं. शेत दादाला, विहीर दादाला, आईसुद्धा दादाकडे. तिला कितीदा म्हटलं, माझ्याकडे चल, तर दरवेळी "बघू रे पुढच्या वर्षी." आणि आता नकाशातही दादाच! तेही आपल्याच हातानं काढायचं? आपल्या दोन खोल्या मात्र रेल्वे यार्डामागच्या गुलाबी रंगात. वा रे न्याय!

त्यानं विहीर काढली, झाडं काढली. घर काढलं नाही.

तपासनीस साहेबांनी वरवर नजर फिरवली. "काटकोनाचं काम, त्यात काय बघायचं!" म्हणत सही ठोकली.

नकाशा छापून आला आणि त्याच आठवड्यात दादा ऑफिसात हजर, काखेत नकाशाची सुरळी. काटकोनाच्या तोंडचं पाणी पळालं. दादानं नकाशा पसरला, ओढ्याच्या वळणावर बोट ठेवलं, जरा थांबला.

"आमचं राहिलं वाटतं," तो हसला. "असू दे रे. तू कुठं राहतोस ते दाखव."

"का?"

"आईला बघायचंय. गुडघे पार गेलेत तिचे, आता इथवर येणं काही होत नाही. रोज विचारते, धाकटा नेमका कुठं राहतो."

"शहरातली घरं दाखवत नाहीत, दादा."

"असं कसं? एवढ्या मोठ्या शहरात तूच नाहीस?" दादानं टेबलावरचं पेन उचललं. "सांग, कुठं?"

 काटकोनानं यार्डामागे बोट ठेवलं. दादानं तिथं जपून, जीभ चावत, एक भलामोठा वेडावाकडा ठिपका काढला.

"झालं! म्हातारी खूश."

एवढा चांगुलपणा, तोही दादाच्याच वाट्याला! काटकोन जळला, आणि मग त्याला भरून आलं. "दादा, ते घर..." पण दादा सुरळी काखेत मारून जिना उतरलाही होता.

मागच्या खोलीत शिपाई छापील नकाशांचे गठ्ठे बांधत होता. दोन हजार प्रती. एकीतही काटकोनाच्या आईला घर नव्हतं.